भोंग्याचा श्वास

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. किनाऱ्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागत आहे."

तपासणीच्या खाटेवर बसल्या बसल्या बसस्थानकाच्या निवृत्त निवेदकाने घोषणा केली. एका दमात, स्वच्छ. डॉक्टर हसली, सिस्टर हसली. बायकोने तर कपाळावर हात मारला.

"घरी पण हेच. कुकरची शिट्टी झाली की घोषणा! सगळं स्टँड यांना भोंगा म्हणतं, ते काय उगाच?"

बसस्थानक रुग्णालयाच्या समोरच होतं. नोकरी संपली तरी याचाच ध्वनिमुद्रित आवाज तिथे अजून गाड्या लावायचा.

"काकांना त्रास काय होतोय, काकू?"

"ताप, खोकला. उजव्या कुशीत कळ येते. आज जेवले नाहीत, पण तोंडाचा पट्टा चालूच."

तातडीच्या विभागात गर्दी होती आणि गर्दीत एक ठोकताळा चाले: ज्याला वाक्य पुरं करता येतं, तो थांबू शकतो. डॉक्टरने बाकाकडे बोट केलं.

तेवढ्यात खिडकीतून तोच आवाज आला. किनाऱ्याची गाडी फलाट क्रमांक दोनवर.

डॉक्टर त्याच गाडीने घरी जायची. ती थबकली. "काकू, सात नंबरचा फलाट कुठेय?"

"तो केव्हाच पाडला." बायकोचं हसू ओसरलं. "हे फलाट चुकत नाहीत हो. थट्टेत पण नाही."

"काका, आज वार कोणता?"

निवेदकाने डॉक्टरकडे प्रेमाने पाहिलं. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

डॉक्टरने त्याचा सदरा वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत खेचली जात होती, मानेचे स्नायू ताठत होते. श्वास पुरवून बोलायचं आणि धाप ऐकू येऊ द्यायची नाही, हीच त्याची आयुष्यभराची कमाई. तीच आज सगळ्यांना फसवत होती. बोटाला लावलेल्या यंत्राने ऑक्सिजन फार कमी दाखवला. रक्तदाबही उतरलेला होता.

"सिस्टर, बाकावर नाही. आत घ्या. मास्क लावा, तपासणीसाठी रक्त घ्या आणि लगेच दोन्ही अँटिबायोटिक सुरू करा. रिपोर्टची वाट बघायची नाही."

क्ष-किरण तपासणीत उजवं फुप्फुस खालून अर्ध्यापर्यंत पांढरं दिसलं. डावीकडेही डाग होते.

"न्यूमोनिया आहे, गंभीर. मेंदूला प्राणवायू कमी पडतोय, म्हणून ही बडबड," डॉक्टर म्हणाली.

"आणि मी हसत होते," बायको म्हणाली.

"मीही हसले, काकू."

मास्कने भागलं नाही. अतिदक्षता विभागात त्याच्या घशात नळी घातली आणि श्वास यंत्राच्या हवाली केला. बायकोला शेजारी बसायची परवानगी मिळाली. यंत्र सुस्कारत होतं, नवरा मुका पडला होता आणि समोरून त्याचा आवाज ठणठणीतपणे गाड्या सोडत होता. पहिल्यांदा ऐकल्यावर तिने सिस्टरला खिडकी लावायला सांगितली. मग शांतता सहन होईना. तिने स्वतःच उठून खिडकी उघडली. प्रत्येक घोषणेनंतर ती त्याच्या ओठांकडे बघायची.

ताप उतरला. फुप्फुस हळूहळू मोकळं झालं. नळी काढून पुन्हा मास्क लावला त्या दुपारी डॉक्टर मुद्दाम आली. "काका, वार कोणता?"

त्याने बरोबर सांगितला. आवाज मात्र खरवडल्यासारखा होता, परक्याचा. नळीमुळे बसलाय, येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाली.

खिडकीतून घोषणा सुरू झाली. निवेदकाने मान वळवून ती शेवटपर्यंत ऐकली.

"कोण हो हा?" त्याने बायकोला विचारलं.

"अहो, तुम्हीच."

त्याने खिडकीकडे बोट केलं.

"त्याला म्हणावं, श्वास घे मधे. मरेल अशाने."

डॉक्टर हसली. बायकोने थट्टा आहे का ते बघायला त्याच्याकडे पाहिलं. श्वासाच्या वाफेने धुरकटलेल्या मास्कखाली ओठ दिसत नव्हते.