आठवा कवी

बारामतीच्या एका कॉलेजात एम.ए. इंग्रजीला सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटतात. पणदऱ्याहून येणाऱ्या संस्कृतीनं चिठ्ठी उचलली, तर आत रॉबर्ट वॉटलबरो, सतरावं शतक. गुण वीस. आठाच्या खाली आले, की वर्ष बुडालं.

वॉटलबरोबद्दल वर्गात कुणाला शंका नव्हती. हिंदुराव सरांच्या नोट्समध्ये तो पान चौदावर होता, आणि या नोट्स झेरॉक्सवरून झेरॉक्स होत पंचवीसेक वर्षं चालत आलेल्या. वॉटलबरो गरीब होता, शेळ्या पाळायचा, क्षयानं गेला आणि उसाच्या फडात बसून निसर्गकविता लिहायचा.

संस्कृती उसापाशी अडली. घरी सहा एकर ऊस असल्यावर माणूस अडणारच.

"आबा, इंग्लंडात ऊस येतोय का?"

आजोबांनी पेपर खाली केला. "बर्फ पडतं न्हवं तितं?"

"व्हय."

"मग कांडीचा डोळा फुटंल कसा? कोण म्हणतंय ऊस हाय?"

"आमचं सर."

"कारखान्याला नोंद हाय का इचार. नोंद असली तर न्हायी तितंबी ऊस असतोय."

लायब्ररीत इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासाची चार जाडजूड पुस्तकं होती. चारींच्या सूचीत वॉटलबरो नव्हता. फोनलाही तो माहीत नव्हता. शेवटी तिनं सरांनाच विचारलं. लग्नाच्या पंगतीत कुणी पावती मागावी, तसं सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"दुर्मिळ कवी आहे तो. इंटरनेटवर सगळं नसतं."

आपण तो कुठं वाचला, हे मात्र सरांनी सांगितलं नाही. संस्कृतीनं तेवढं मनात टिपून ठेवलं.

डाळजहून येणारी तिची मैत्रीण प्रतिक्षा वैतागली. "नोट्स वाचून दाखव अन् मोकळी हो की. मेलेल्या माणसावर संशय घेऊ न्हाय गं."

"मेलाय कशावरनं? मरायला आधी जन्माला यावं लागतं."

मग तिनं जुन्या विद्यार्थ्यांकडून जुन्या वह्या गोळा केल्या. २०१९ च्या वहीत ऊस होता. २०११ च्या वहीत ऊस नव्हता, शेळ्या होत्या. २००३ च्या वहीत शेळ्याही नव्हत्या, नुसता क्षय. वह्या मागं जातील तसा कवी गरीब होत चाललेला. आणि सगळ्यांत जुन्या, सत्त्याण्णव सालच्या वहीत समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: 'सर म्हणाले, इंदापूरच्या विजयसिंहाच्या पेपरातून.'

विजयसिंहांचं आता इंदापुरात ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. वॉटलबरोचं नाव ऐकताच त्यांनी भरदुपारी शटर अर्धं खाली ओढलं.

"कुणी धाडलं तुला? विद्यापीठानं?"

"न्हाय काका, माझा सेमिनार हाय त्याच्यावर."

"सतराव्या शतकातलं आठ कवी लिहा, असा प्रश्न होता बघ. मला सात येत होतं. आठवा केला."

"आन् सरांनी?"

"सर तवा नवीन होतं. पैकीच्या पैकी दिलं, वर शेरा: 'वाचन दांडगे'. पुढच्या वर्षी सरच त्यो कवी शिकवाया लागलं."

"आन् ऊस?"

"आईशप्पथ, ऊस माझा न्हाय! मी फकस्त क्षय घातला होता. माझं नाव घेऊ नको, बाई. जुनी डिग्री हाय, जपून वापरतोय."

सेमिनारला पुण्याहून प्राची मॅडम परीक्षक म्हणून आल्या. विषय वाचून त्यांनी मान डोलावली. "वा, वॉटलबरो! फार उपेक्षित कवी."

संस्कृतीच्या पिशवीत दोन सेमिनार होते. एक नोट्समधला, हमखास बारा गुणांचा. दुसरा खरा, बहुधा शून्याचा. मॅडमनी हा कवी खरंच वाचला असेल तर? तिचा हात पहिल्या कागदांवर गेला. पण वर उसाचीच ओळ होती. ती आबांच्या नातीला मोठ्यानं वाचवेना.

तिनं दुसरे कागद काढले. "हा कवी झालाच नाही," ती म्हणाली, आणि वह्या सालवारीनं टेबलावर मांडल्या. "एका विद्यार्थ्याला एक कवी कमी पडत होता. त्याचं नाव मी सांगणार नाही."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी सरांकडे. समोरच्यानं वॉटलबरो वाचलेला असावा, असा दोघांनाही संशय.

"हा एक दृष्टिकोन आहे," मॅडम म्हणाल्या.

"दृष्टिकोन तर आहेच," सर घाईनं म्हणाले.

सोळा गुण पडले.

पुढच्या वर्षी नव्या नोट्स निघाल्या. पान चौदा आता अर्ध्या पानानं वाढलं होतं. संस्कृतीनं ते घरी आबांना वाचून दाखवलं: 'वॉटलबरो झालाच नाही, असे मानणारा अभ्यासकांचा एक पंथ आहे. प्रमुख समीक्षक: संस्कृती, पणदरे. टीप लिहा. गुण पाच.'

आबांनी पेपर खाली केला. "आन् ऊस? काढला का न्हाय त्यांनी?"

"न्हाय आबा. हाय तसाच उभा हाय."

"मग नोंद झाली म्हणायची," आबा म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा उचलला.