यादीत एक बाइरी जास्त

चार वर्षं आमच्या बेटावरचं आकाश गप्प होतं, त्यामुळे आम्हाला वाटलं, बॉम्बच्या चाचण्या संपल्या असतील. मग बंदरावर तंबू उतरले, पिपं उतरली आणि त्यांच्यामागून विटकम साहेब उतरला. बॉम्ब पुन्हा फोडायचं ठरलं होतं. त्यासाठी आधी किती कागद लागतात, ते मला त्याच्यामुळे कळलं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. उन्हाने त्याचं नाक सोललेलं असायचं आणि तो सगळ्यांना आधी सलाम करायचा.

"रोतिया बाई, इथे वाचता येईल असं अक्षर एकट्या तुमचं," तो म्हणाला. (मी वाचायला शिकले ती साबणाच्या खोक्यांवरून. अक्षर त्यामुळेच ठळक.) "घरोघर जा. कुणाच्या घरात कोण कोण, लिहून आणा. स्फोटाच्या दिवशी सगळ्यांना जहाजावर घ्यायचंय. एकही माणूस मागे राहता कामा नये."

"आणि कोंबड्या?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"कोंबड्या राहतील."

"मग स्फोटाकडे बघू नका म्हणून त्यांना कोण सांगणार?"

साहेब हसला नाही. त्याने वहीत काहीतरी टिपलं. कोंबड्यांचंच असावं.

मी निघाले. तेराओइ चुलीपाशी मासा भाजत होती. "लिही," ती म्हणाली, "आम्ही दोघं, चार पोरं आणि बाइरी." गावाच्या दुसऱ्या टोकाला बुरेन्ताऊ म्हातारा नीरा काढून माडावरून उतरत होता. "मी आणि बाइरी," तो म्हणाला. "दुसरं कोण असणार?"

बाइरी सहा वर्षांची, तेराओइच्या पोटची. जन्मली त्याच आठवड्यात बुरेन्ताऊने तिला नात म्हणून मागून घेतली होती. आमच्यात असं मागितलेलं मूल कोणी नाकारत नाही, आणि दिलं म्हणून ते कुणाचं कमीही होत नाही. ज्या चुलीवर मासा, तिथे बाइरी. मी तिला दोन्हीकडे लिहिलं. एकूण दोनशे अकरा.

जहाजावर चढायची रंगीत तालीम झाली तेव्हा डेकवर दोनशे दहाच भरले. शिपाई तीन तास रणरणत्या उन्हात दुसरी बाइरी शोधत फिरले. विहिरीत वाकून पाहिलं, खोबऱ्याच्या कोठारात पाहिलं. पहिली बाइरी डेकवर बसून त्यांनीच दिलेलं बिस्किट खात होती. गाव पोट धरून हसलं.

मी समजावून सांगितल्यावर साहेब म्हणाला, "मग एका घरातून खोडा."

बुरेन्ताऊ समोरच बसला होता. माझी पेन्सिल हलेना. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि आपल्या फायलीवर लाल पेन्सिलने लिहिलं: एक जास्त धरावा. म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

पुढच्या आठवड्यात कार्यालयातून निरोप आला, यादी स्वच्छ उतरवून द्या. घरी एकटीच बसले होते. चुकीची बेरीज स्वच्छ अक्षरात लिहायची मला लाज वाटली. मी बाइरीला खोडलं, बुरेन्ताऊच्या घरातून. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून. खाली लिहिलं: दोनशे दहा. कुणाला सांगितलं नाही. साहेबालाही नाही. आकडा बघून त्याला कळेलच, असं मनाला सांगितलं.

मे महिन्यातल्या त्या दिवशी उजाडायच्या आधीच ट्रक आले. बायकापोरं एकात, पुरुष दुसऱ्यात. डेकवर शिपायाने डोकी मोजली आणि ओरडला, "दोनशे नऊ!"

साहेबाने यादी पाहिली, फाइल पाहिली. "एक जास्त धरावा. बरोबर आहे. नांगर उचला."

आम्हाला खाली सिनेमा दाखवायला नेत होते. जिन्यावर मी बाइरीला विचारलं, "आजोबा कुठेत गं?"

"पुरुषांच्या ट्रकमध्ये."

मी पुरुषांकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. मागे तेराओइ होती, हाताशी बाइरी. तोंड उघडायचं तर त्या दोघींसमोर. मी आणखी चार पायऱ्या उतरले. त्या चार पायऱ्या मला अजून मोजता येतात. मग वळले आणि वर धावले.

"साहेब, ती एक मी आधीच खोडलीय! यादी बरोबर आहे. माणूसच कमी आहे!"

"कोणती एक?"

"बाइरी. बुरेन्ताऊच्या घरातली."

"त्याच्या घरातली?" मागून तेराओइचा आवाज आला. "अगं, तिला तिथून खोडायला तुला सांगितलं कुणी?"

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि स्वतःच लाँचमध्ये उडी मारून किनाऱ्याकडे गेला.

म्हातारा सापडायला वेळ लागला नाही. माडाच्या शेंड्यावर बसून तो गात होता. माडाची पोय, म्हणजे ज्यातून नीरा गळते तो फुलोरा, रोज दोन वेळा कापावी लागते, नाहीतर सुकून जाते. ती कापून मग तो ट्रकमध्ये चढणार होता. नीरेची करवंटी न सांडता तो जहाजावर आला, आणि ती त्याने बाइरीला दिली. तोवर डेकवर जे बोलणं व्हायचं ते झालं होतं, आणि मी काय खोडलं ते त्यालाही कुणीतरी सांगितलं. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

खाली सिनेमा चालू असताना पडद्यावरचं चित्र एकदम पुसून गेलं. नुसतं पांढरं. खिडक्यांच्या झडपा बंद होत्या, तरीही. मग जहाज खालून कुणीतरी लाथ मारल्यासारखं हललं. पोरं रडली नाहीत, त्याचीच मला भीती वाटली.

साहेब माझ्या शेजारी येऊन बसला. "बाई, माझं गणित बरोबर होतं."

"माझंही," मी म्हणाले.

तीन दिवसांनी तो नवे कागद घेऊन आला. अजून वीसेक बॉम्ब बाकी होते. मी पुन्हा घरोघर फिरले. तेराओइने सात नावं सांगितली, बाइरीचं सगळ्यात शेवटी आणि हळू. मग दुसऱ्या टोकाला गेले. बुरेन्ताऊ माडाखाली सुरी घासत बसला होता. त्याच्या मांडीवर डोकं ठेवून बाइरी झोपली होती.

"घरात कोण कोण, आजोबा?"

सुरी थांबली नाही. "मी एकटा," तो म्हणाला. "तुझ्या कागदाला विचार."

मी तिथेच वाळूत बसले. त्याच्या नावाखाली बाइरी लिहिलं, आणि वाचता येत नसलं तरी कागद त्याच्यासमोर धरला. त्याने सुरी खाली ठेवली आणि त्या अक्षरांकडे पाहिलं.

कागद साहेबाकडे दिला. त्याने बेरीज केली आणि मान वर केली.

"लाल पेन्सिल काढा," मी म्हणाले. "आणि ह्या वेळी बुरेन्ताऊची पोय कापून होईपर्यंत तुमचा ट्रक त्याच्या माडाखाली थांबेल, तेही लिहा."