पांढरी चकती

"काका, चौथीसुद्धा पांढरी," इंजिनिअरबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या. "चिमटा काढा मला."

काकांनी कागदाची चकती दिव्यासमोर धरली. विमानाच्या इंजिनाचा धूर या चकतीतून ओढायचा आणि ती किती काळवंडते ते मोजायचं, हे काम ते एकतीस वर्षं करत आले होते. काळ्याकुट्ट चकत्या पाहिल्या, करड्या पाहिल्या. अशी धुतल्या तांदळासारखी या सोमवारपर्यंत एकही नाही. बाईंनी सहा वर्षं खपून कमी धुराचं हे इंजिन घडवलं होतं. दुपारी मोठे साहेब ते पुढच्या विमानासाठी मंजूर करणार होते.

"धूरच संपला. तुमची नोकरी गेली, काका."

"शुक्रवारी तशीही जातेच आहे," काका म्हणाले. हसू मात्र ओठांवरच अडलं.

बाई साहेबांना फोन लावायला वळल्या, तसे काका इंजिनामागे गेले. इंजिन थांबलं होतं, पण धूर ओढणारा पंप चालूच होता. त्यांनी कोऱ्या चकतीची एक पट्टी फाडली आणि पंपाकडे येणाऱ्या नळीच्या एकेका सांध्याजवळ धरली. तिसऱ्या सांध्याला पट्टी चटकन चिकटली.

सांधा बाहेरची हवा ओढत होता. चकत्यांवर धूर कमी आणि खोलीतली स्वच्छ हवाच जास्त आली होती.

काकांनी वाकून सांध्याचा नट पाहिला. नटावर आणि नळीवर लाल खुणा त्यांनीच रंगवल्या होत्या. नट पुरता आवळला की त्या जुळायच्या. आज दोन्हींत अर्ध्या फेऱ्याचं अंतर होतं. आपले हात थरथरतात, हे वर्षभर त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं.

गप्प बसलं, तर शुक्रवारी निवृत्तीच्या टाळ्या घेऊन घरी.

ते परत आले. "फोन ठेवा, बाई. नळीचा नट ढिला आहे. मीच लावलेला."

बाईंनी फोन कानापासून दूर केला. "कधीपासून?"

"सोमवारी नळी जोडली तेव्हापासून. चारही खोट्या."

फोनमधून साहेबांचं "हॅलो, हॅलो" ऐकू येत होतं. बाईंनी तो कानाला लावला. "साहेब, आज येऊ नका."

नट बाईंनी स्वतः आवळला. इंजिन पुन्हा धडधडलं. पाचवी चकती राखाडी निघाली.

"जुन्या इंजिनांपेक्षा निम्मीच काळी आहे," काका हळूच म्हणाले.

"निम्मी म्हणजे पांढरी नव्हे, काका."

काकांनी चकती नोंदीच्या कागदावर चिकटवली, खाली तारीख घातली. सही करताना पेन थरथरू लागलं. बाईंनी कागदाचा कोपरा बोटाने दाबून धरला आणि सही पुरी होईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिल्या.