नाना बाकावर बसले

धुळ्यात झुलाल नानांना कोणीही रस्त्यात गाठून बास्केटबॉल जिंकायची युक्ती विचारावी, आणि नानांनी दरवेळी एकच सांगावं, "वेळेवर या." एवढ्याशा शहाणपणावर मुलींच्या संघाचे प्रशिक्षक म्हणून त्यांनी कपाटभर कप आणले होते. सामन्याची शिट्टी झाल्यावर जी मुलगी पोचेल ती बाकावर, तोंड बंद. कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. गेल्या वर्षी याच नियमापायी त्यांनी कर्णधार पुनमला बसवलं आणि हातचा कप घालवला. लोकांनी नावं ठेवली, नाना ढिम्म.

पण आता नाना पार थकले होते. बायकोला, पोरींच्या अक्काला म्हणजे प्रमिलाबाईंना, अर्धांगवायू झाल्यापासून पहाटे मैदान आणि दिवसभर घर, अशी दोन वर्षं गेली. सोडून द्यावं असं रोज वाटे, आणि पोरींचं काय होईल या काळजीने रोज बूट चढवले जात. माझ्यावाचून त्यांना पाणी प्यायचंही सुचत नाही, असं ते प्रमिलाबाईंना सांगत. त्या वाकड्या झालेल्या ओठांनी हसत.

जळगावच्या अंतिम सामन्यासाठी पोरींना त्यांनी आदल्या दिवशीच पाठवलं. सकाळी प्रमिलाबाईंजवळ बसणारी भागाबाई उशिरा आली, मग पारोळ्याजवळ बस रखडली. नाना मैदानावर पोचले तेव्हा खेळ सुरू झाला होता.

चेंडू बाहेर गेला तशी पुनम कडेला आली.

"नाना, नियम बठ्ठासना, पोरीसना नि तुमना बी, एकच शे ना?" ती खाली बघत म्हणाली. "आज तुम्ही बी बाकवर बसा."

पोरीने सूड उगवला, असं वाटून नानांचं डोकं फिरलं. पण नियम त्यांचाच होता. मुकाट्याने बसले.

प्रशिक्षक नसला की कर्णधारच सगळं बघते. शेवटी शेवटी जळगावची एक उंच मुलगी डावीकडून घुसून बास्केटवर बास्केट मारू लागली. नाना ओठ चावत राहिले. पुनमने टाइम-आउट घेतला. पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या, नानांकडे पाठ करून. एकीनेही वळून पाहिलं नाही. पुनमने त्या उंच मुलीच्या मागे लावलं कोणाला, तर सगळ्यांत बुटक्या मेघाला. असला वेडेपणा नानांनी जन्मात केला नसता. मेघाने तिला धड टप्पाही मारू दिला नाही, आणि धुळं जिंकलं.

पोरी कप घेऊन नाचायला लागल्या. पुनम तेवढी घामाने निथळत नानांसमोर येऊन उकिडवी बसली.

"नाना, आते घर जा. अक्का वाट दखत व्हई. आमनी काळजी करू नका."

तिच्या आवाजात राग नव्हता, माया होती, आणि तीच नानांना सोसेना. दोन वर्षं ते हेच ऐकायला आसुसले होते. आता ऐकलं, आणि त्यांना बाकावरून उठवेना.