देवाची सवाष्ण

"पांढऱ्या लुगड्याच्या बाईचा हात न्हाय लागू द्यायची माज्या सुनंला. रिक्षा बोलवा," असं म्हणून अंबुबाई ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच फतकल मारून बसल्या.

आत प्रियंका कळांनी तळमळत होती. मूल आडवं होतं, सिझर लगेच करायला हवं होतं. अक्कलकोटकडचं मेंढपाळाचं घर. मिशनच्या दवाखान्यात पैशावाचून कुणाला परत पाठवत नाहीत, असं ऐकून आलेलं. पण डॉक्टर सिस्टर रोझलिन पडल्या नन. साडी पांढरी, कपाळ मोकळं, गळ्यात मंगळसूत्र नाही. पहिलटकरणीला विधवेचा हात म्हणजे अंबुबाईंच्या लेखी सगळं संपलंच.

सिस्टर केरळच्या. इतकी वर्षं सोलापुरात काढूनही ऐन वेळी त्यांचं मराठी पळून जाई. त्यांनी गंगम्माकडे पाहिलं. गंगम्मा दवाखान्यातली जुनी आया, कपाळावर ठसठशीत टिकली आणि जिभेला हाड नाही. आम्हा नर्सांचं सोडा, डॉक्टरमंडळीही तिला जरा वचकूनच असत.

गंगम्मा अंबुबाईंशेजारी टेकली. "मावशी, विधवा कोन म्हनलं तुमाला? त्यांच्या बोटातली अंगठी बगा. देवासंगं लगीन लागलंय त्यांचं."

"देवासंगं?"

"व्हय की. देव कदी मरतोय व्हय? तुमच्यापरीस पक्की सवाशीन हाय ती."

अंबुबाईंनी अंगठी निरखून पाहिली आणि गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

नात झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी अंबुबाईंनी करंडा आणला आणि सिस्टरांच्या कपाळावर हे एवढं कुंकू लावलं. सिस्टर लाजल्या, पण पुसलं नाही, तशाच वॉर्डात फिरल्या. मला तर त्या फार गोड दिसल्या.

"ये गं, आता तू," अंबुबाई म्हणाल्या.

गंगम्मा मागं सरली. काल भूल देईपर्यंत प्रियंकाचा हात तिच्याच हातात होता. एरवी कुणाला न जुमानणारी बाई, पण आवाज अगदी खाली आला. "मला नगा. टिकली नुसती कामावर लावते मी. मालक जाऊन लई वर्सं झाली. काल सांगाया पायजे हुतं, न्हाय सांगितलं."

अंबुबाईंनी करंड्याचं झाकण लावलं. मग पाळण्यातून नातीला उचललं आणि गंगम्माच्या हातात दिलं.

"धर हिला. मी च्या पिऊन येते," म्हणाल्या, आणि मागं वळून न बघता बाहेर गेल्या.