सातचा पाढा
माझ्या मेंदूतली गाठ वाचेच्या भागाला चिकटली होती, म्हणून मला जागी ठेवूनच ती काढत होते.

"बाई, पाढे म्हणत राहा. चुकलात की मी तिथेच थांबेन," सर्जन म्हणाले होते.

मी सातचा पाढा धरला. साहेब मात्र शिकाऊ डॉक्टरणीला आपल्या नव्या गाडीचं कौतुक ऐकवत होते.

मी मुद्दाम म्हटलं, "सात सक चव्वेचाळीस."

यंत्राची घरघर थांबली नाही. "आणि सीट तर काय मऊ..."

"गाडी गेली खड्ड्यात! बेचाळीस होतात!" मी ओरडले. "परीक्षा घेणाराच गप्पा मारतोय, असा वर्ग चाळीस वर्षांत पाहिला नाही."

डॉक्टरीण खुदकन हसली. घरघर थांबली.

"बाई, पुन्हा म्हणा."

"म्हणते. पण तुम्ही माझ्यामागून म्हणायचं, मोठ्यानं."

साहेब निमूटपणे म्हणू लागले.