हलकं स्टूल

"ह्यात बी माल न्हाई भरला!" असं म्हणत गेणबानं अठ्ठाविसावं स्टूल ग्राइंडरमध्ये टाकलं, तेवढ्यात सुपरवायझर पोपटराव धावत आले.

"काय केलंस रं मुडद्या! गिऱ्हाईक अकराला येतंय आन् तू नमुनेच दळलेस?"

गेणबा गांगरला. शिरूरजवळच्या त्या कारखान्यात बावीस वर्षं त्याचा एकच धर्म. साच्यातून निघालेला पीस हातावर तोलायचा. हलका लागला की साचा पुरता भरला नाही असं समजून सरळ ग्राइंडरात. काटा चुकेल, पण गेणबाचा हात चुकायचा नाही. काल तेवढी त्यानं रजा घेतली होती. आईला, मालनबाईला, दौंडला डॉक्टरकडे न्यायचं होतं. मागल्या साली आलेल्या अर्धांगाच्या झटक्यानं तिचा डावा हात लुळा पडला होता. आणि नेमकं कालच नव्या इंजिनिअर गौतमीनं सगळ्यांना सांगितलं होतं, की आता वितळलेल्या प्लास्टिकात गॅस सोडायचा, आत पावासारखी जाळी पडेल, स्टूल मुद्दामच हलकं होईल.

"कार्ड दे आन् घरी जा!" पोपटराव ओरडले.

छप्पन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

गौतमी आली. चुरा बघून तिचाही चेहरा पडला, पण म्हणाली, "सर, चूक माझी आहे. मामा काल नव्हते. सकाळी त्यांना सांगायला हवं होतं मी." मग गेणबाकडे वळली. "मामा, किती हलकं लागलं?"

"पाच-सहाशे ग्रॅम आसंल. पर समदी सारखी न्हवती. काही लईच पोकळ."

तीनच स्टुलं उरली होती. तिनं ती काट्यावर ठेवली. दोन साडेपाचशेनं कमी भरली, तिसरं चक्क नऊशेनं. गॅस कमी-जास्त होतोय, हे तोवर कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"ह्याच्यावर जाड माणूस बसलं असतं तर?" गौतमी म्हणाली. पोपटरावांनी गेणबाला हातानंच मशीनकडे जायला खुणावलं.

मग ती गॅस सारखा करत राहिली आणि गेणबा एकेक स्टूल तोलत राहिला. अकराला बारा स्टुलं तयार होती. गिऱ्हाईक बसून, डुलून खूश होऊन गेलं.

"पोरी, तू देवासारखी उभी राह्यलीस," गेणबा म्हणाला.

"बास हो मामा," ती म्हणाली, आणि गॅसमुळे अंगावर चांदीसारखे ओरखडे उठलेलं एक स्टूल गेटपास करून त्याच्या हाती दिलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. न्हावऱ्याला घरच्या अंगणात मालनबाई नव्या स्टुलावर बसली होती. तिच्या अंगावर ऊन आलं, तसा गेणबा सवयीनं उठला. जुनं जड स्टूल होतं तेव्हा दिवसातून चारदा तिची हाक ठरलेली असायची, 'गेण्या, स्टूल सरकीव रं.'

"बस तू," म्हातारी म्हणाली.

उजव्या हातानं तिनं स्टूल उचललं, लिंबाखाली नेऊन ठेवलं आणि बसली.

"त्या पोरीला जेवायला घिऊन ये यकदा."

सावली जागची हलली नव्हती. तरी जरा वेळानं म्हातारी उठली, आणि स्टूल उचलून पलीकडं नेऊन ठेवलं.